कोविडच्या लशीमुळे पुढे थायरॉइड होतो का? मुलीला शाळेतली लस द्यावी का?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडते. पत्नीला दुसऱ्या डोसनंतर आठ महिन्यांनी थायरॉइड निघाला, घरात आधी कुणाला नव्हता. आता जन्मभर गोळी घ्यावी लागेल का? आणि मुलगी सहावीत आहे, शाळेतून लसीकरणाचं संमतिपत्र आलंय, त्यावर सही करायला तुमचा हात उचलत नाही.

सही करा. थायरॉइड लशीनं होत नाही.

मी डॉक्टर नाही. कराडजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पण या एका विषयावर मी गेली चार वर्षं घरात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे. त्यामुळे रागारागात जेवढं वाचून काढलं, तेवढं डीएडलासुद्धा वाचलं नव्हतं.

झालं असं. १ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळिशीच्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली. आमच्या वन्सं तेव्हा इचलकरंजीहून माहेरी आल्या होत्या, सासूबाईंचा गुडघा धरला होता म्हणून. मी दोघींना घेऊन पहिल्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात गेले. पहाटे साडेपाचला रांगेत. सासूबाईंसाठी घरून प्लास्टिकची खुर्ची नेली होती, ती रांगेबरोबर पुढे पुढे सरकवत होते. साडेनऊला शिपाई बाहेर येऊन म्हणाला, आज शंभरच डोस आलेत. मागे गलका. आमचा नंबर ऐंशीच्या घरात. वन्सं कुरकुरत होत्या, "मी घेईन नंतर, तिकडं गेल्यावर." मी म्हटलं, "नंबर लागलाय तर घेऊन टाका की, परत तिकडं कुठं रांगा लावत बसता?"

हे एक वाक्य मला त्यानंतर इतक्यांदा ऐकवलं गेलंय की माझ्या तेराव्यालासुद्धा कुणीतरी काढेल. दुसरा डोस वन्संनी जुलैत इचलकरंजीत घेतला, स्वतःच्या पायानं जाऊन, कुणी न सांगता. तो कुणी धरत नाही.

मला पहिली शंका आली ती फोनवर. आवाज जाड झाला होता, शब्द ओढून आणल्यासारखे. २०२२ च्या संक्रांतीला आल्या आणि कासारणीपुढं बसल्या, तर नेहमीच्या दोन-सहाच्या बांगड्या हातात जाईनात. दोन-दहाच्या लागल्या. चेहरा सुजरा, भर दुपारी अंगावर शाल, केस विंचरले की पुंजका हातात. बायकांचं मत पडलं की पाळी जायचं वय आहे, व्हायचंच. पण पाळी जायचं राहिलं बाजूला, अंगावरून इतकं जायला लागलं की शेवटी लेडी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात बघितले, जीभ बघितली आणि सोनोग्राफीच्या आधी रक्त तपासायला सांगितलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात चढणारा आकडा, ५८. कितीतरी जास्त.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी निकाल दिला. "हिला काय होतं आधी? धडधाकट पोरगी. सुईनं आत गेलं ते गळ्यात येऊन बसलं. आणि नेलं कुणी?" आमचे हे समोर पेपर वाचत होते. ते तो पेपर अजून वाचतायत असं समजा.

इथवर मी सोसलं असतं. घरात दोष कुणाच्या तरी नावावर पडायचाच असतो. पण पुढे जे झालं त्यानं माझं डोकं फिरलं, आणि हे उत्तर मी त्यासाठीच लिहितेय. आजार लशीनं आलाय असं एकदा ठरल्यावर उपाय काय ठरला? लस अंगातून काढायची! म्हणजे गोळी कशाला, आधी विष निघू दे. वन्संच्या मिस्टरांच्या ओळखीत कुणी "लशीचा अंश उतरवणारा" काढा द्यायचा. सकाळी उपाशीपोटी गोळीच्या जागी तो काढा आणि रात्रभर भिजवलेल्या धन्याचं पाणी. आठ महिने. आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही. दिवाळीला आल्या तेव्हा चार पायऱ्यांना धाप लागत होती, बोलता बोलता डुलकी लागायची. टीएसएचचा आकडाच आला नाही, नुसतं "शंभराच्या वर" लिहून आलं. डॉक्टर त्यांच्यावर ओरडले नाहीत, माझ्यावर ओरडले, कारण फाइल माझ्या हातात होती.

तेव्हा लशीनं काय केलं ते राहू द्या, "लशीनं केलं" या समजुतीनं काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या पत्नीची गोळी चालू आहे ना? तुम्ही प्रश्नात तेवढंच लिहिलं नाहीत.

आता एक जुनी फाइल. २०२३ ची दिवाळीची झाडलोट. माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तर तळाला एक खाकी पाकीट. त्यावर माझ्याच अक्षरात: "वन्सं, बाळंतपण, २०११." त्यांचं दुसरं बाळंतपण आमच्याकडे झालं होतं, पस्तिसाव्या वर्षी. आत सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, आणि बाळंत होऊन पाच महिने झाल्यावरचा एक रिपोर्ट. टीएसएच ९.२. खाली अँटी-टीपीओ सहाशेच्या वर, आणि शेजारी छापलेलं की पस्तिसाच्या आत असायला हवं. डॉक्टरांनी पेनानं लिहिलेलं: सहा आठवड्यांनी परत तपासणी.

ती परत तपासणी झाली नाही. कारण त्याच आठवड्यात वन्संचे सासरे न्यायला आले. बाळंतिणीची पाठवणी म्हणजे डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी, पाळणा, सतरा पिशव्या. पाकीट राहिलं. शाळेतून येताना रिपोर्ट आणलेला मी, पाकिटावर नाव घातलेलं मी, आणि "पुढच्या वेळी देऊ" म्हणून माळ्यावर टाकलेलं पण मीच. बारा वर्षं.

अँटी-टीपीओ म्हणजे काय ते माहीत नसेल तर एवढंच: आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटली की रक्तात या प्रतिपिंडांची गर्दी दिसते. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये या रोगाचं पहिलं वर्णन केलं, म्हणजे लसीकरणाच्या आजच्या मोहिमांच्या कितीतरी आधी. ग्रंथी एका दिवसात बंद पडत नाही. वर्षानुवर्षं कुरतडली जाते आणि टीएसएच हळूहळू चढतो, कारण मेंदू ग्रंथीला "अजून काम कर" म्हणून ओरडत असतो. बाळंतपणानंतरच्या वर्षात हे अनेकींमध्ये पहिल्यांदा उघड होतं. काहींचं आपोआप निवळतं, पण त्यातल्याच बऱ्याच जणींना पाच-दहा वर्षांनी कायमचा थायरॉइड होतो. थकवा, केस गळणं, चिडचिड: बाळंतिणीच्या या तक्रारी आपल्याकडे कोण मनावर घेतं? "लेकरू झोपू देत नसेल" म्हणून विषय संपतो.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे सासूबाईंचंच आवडतं वाक्य. फांदी दहा वर्षं आतून पोखरलेली होती, आणि त्याचा कागद आमच्या माळ्यावर होता.

तुम्ही म्हणाल, ही तुमच्या घरची गोष्ट, आमच्याकडे असं पाकीट नाही. मग साधा हिशेब करा. कोविडच्या खूप आधी भारतातल्या आठ शहरांत मोठ्या माणसांची थायरॉइडची पाहणी झाली होती, मुंबई आणि गोवा त्यात होते. २०१३ मध्ये ती छापून आली. जवळपास ११ टक्के लोकांचा थायरॉइड मंद होता. आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना आपल्याला काही आहे याचा पत्ताच नव्हता! बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. आता अशा देशात बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांनी वर्षभरात लस घेतली. मग "लस घेतल्यावर वर्षाच्या आत थायरॉइड निघाला" अशी बाई प्रत्येक गल्लीत सापडणारच. लस नसती तरी तेवढ्याच निघाल्या असत्या, फक्त तारीख जुळवायला काही नसतं. शिवाय त्या दोन वर्षांत माणसं रक्त तपासायला किती गेली ते आठवा. जरा दम लागला की पॅकेज, आणि पॅकेजमध्ये थायरॉइड असतोच.

हाँगकाँगमध्ये आधीपासून थायरॉइडची गोळी चालू असलेल्या हजारो लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्यांना न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळा दवाखाना गाठावा लागला असं दिसलं नाही. हे मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. उत्तर म्हणून एका आतेदिरांनी गुड मॉर्निंगचा गुलाब टाकला.

मुलीबद्दल. कुठली लस ते तुम्ही लिहिलं नाही. सहावी म्हणजे दहाव्या वर्षाची टीडी राहिली असेल किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची एचपीव्ही असेल. टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. एचपीव्हीबद्दल डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये जवळपास दहा लाख मुलींच्या नोंदी धुंडाळून बघितल्या आहेत, शरीर स्वतःवरच उलटतं असे आजार लशीमुळे वाढतात का म्हणून. वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. २७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना. माझ्याकडे तेव्हा तिसरी होती, पट एकतीस. लशीच्या दिवशी बावीस हजर. बाकीच्या नऊ घरांत व्हॉट्सॲप पोचलं होतं की या इंजेक्शननं पुढं मूल होत नाही. मी संध्याकाळी एकेकाच्या दारात गेले. एका आजीनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. नवातली सात पोरं दुसऱ्या फेरीला आणली. तेव्हा मला रुबेलाचं अर्धंच माहीत होतं, की गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयातला दोष घेऊन जन्मतं. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा ओळखलं. पुढचं अर्धं वन्संच्या पायी कळलं. त्या ऑस्ट्रेलियातल्या बाळांपैकी ३२ जणांना साठीच्या आसपास परत तपासलं, तर जवळपास पाचात एकाला थायरॉइडचा आजार आणि त्याहून थोड्या जास्त जणांना मधुमेह. आईच्या पोटात असताना शिरलेला विषाणू साठ वर्षांनी गळ्यात दिसतो!

म्हणजे लस आणि थायरॉइड यांचं लांब पल्ल्याचं नातं शोधायचंच असेल तर ते हे आहे, आणि ते लशीच्या बाजूनं आहे. ज्या मुलीला रुबेलाची लस मिळाली, तिच्या पोटच्या बाळाचा थायरॉइडही तिनं थोडा राखला. त्या नऊ घरांत तेव्हा मला हे सांगता आलं असतं तर उरलेली दोनही आणली असती. त्या आजीनं चहा केला असता असं मात्र मी म्हणत नाही.

एक कबुली देते. मलाही मधे एक आरोपी सापडला होता. वन्संनी तीन-चार वर्षं घरातलं साधं मीठ बंद करून सैंधव आणलं होतं, बीपीला चांगलं म्हणून. सैंधवात आयोडीन जवळपास नसतं, आणि थायरॉइडचं संप्रेरक आयोडीनशिवाय बनत नाही. गलगंडासाठी सरकारचा कार्यक्रम १९६२ पासून चालू आहे तो त्यासाठीच. मी हे अगदी घोळवून घोळवून सांगायचे. मग ते पाकीट सापडलं आणि माझाच मुद्दा पडला, कारण प्रतिपिंडांनी होणाऱ्या आजारात मिठाचा हा हिशेब लागत नाही. वन्संच्या बाबतीत मी मिठाला तेच केलं जे त्यांनी लशीला केलं. तरी घरात आयोडीनचंच मीठ वापरा.

गोळीबद्दल विचारलंत. आजार प्रतिपिंडांचा असेल तर बहुधा जन्मभर. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, ग्रंथी जे बनवायची तेच बाहेरून घ्यायचं. उपाशीपोटी घ्यायची आणि चहा निदान अर्ध्या तासानं, हे तुम्हाला एव्हाना कुणी सांगितलंच असेल. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर चार तासांचं अंतर, हे सहसा सांगायचं राहतं. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस बंद करा, काही मशीनवर त्यानं आकडे चुकतात. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं. हे "सहा आठवड्यांनी परत" जिथं कुठं लिहिलेलं दिसेल ते मोबाइलमध्ये घाला. माळ्यावर टाकू नका.

आणि पत्नीच्या माहेरी एकदा विचारा. बाळंतपणाची फाइल, जुनी रक्ततपासणी, काही असेल तर काढायला सांगा. "घरात कुणाला नव्हता" यावर माझा विश्वास नाही. आपल्याकडे बाईचा थायरॉइड "हिला जरा सूज आहे अंगावर" एवढ्यावर मिटतो. आमच्याच सासूबाईंची थोरली बहीण पन्नाशीला घोगऱ्या आवाजाची आणि सदा गारठलेली होती म्हणे. कुणी तपासलं?

मी ते पाकीट ग्रुपवर टाकलं नाही. फोटो काढला होता, खाली चार ओळीसुद्धा लिहिल्या होत्या, तारखांसकट. पुसल्या. भाऊबीजेनंतरच्या रविवारी पाकीट घेऊन इचलकरंजीला गेले. वन्संनी चष्मा लावून दोनदा वाचलं. आकडे त्यांना आता माझ्याइतकेच कळतात. मग पाकीट उलटं करून माझं अक्षर बघितलं आणि म्हणाल्या, "वहिनी, म्हणजे दोन्ही वेळेला तुम्हीच होता की."

चहा त्यांनी केला. गोळी आता नियमित चालू आहे, मागच्या महिन्यात टीएसएच साडेतीन. सासूबाई अजून लशीवरच ठाम आहेत.

ता. क. खाली एकांनी विचारलंय की लशीनंतर थायरॉइड बिघडल्याचं डॉक्टरांनी कधी लिहिलंच नाही का. लिहिलंय, आणि मी वर जोरात "नाही" म्हटलं त्याला ही पुरवणी जोडा. कोविडच्या लशीनंतर आणि त्याआधी फ्लूच्या लशीनंतरही थोड्या लोकांना ग्रंथीला दुखरी सूज आल्याच्या नोंदी आहेत. काहींना ग्रंथी जास्त चालण्याचा आजार, ग्रेव्ह्ज, दिसल्याच्याही आहेत. हीच दुखरी सूज खुद्द कोविड झाल्यावरही येते, इटलीतल्या डॉक्टरांनी २०२० मध्येच ते लिहिलं होतं. पण ती काही दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत येते, आठ महिन्यांनी नाही. गळ्याच्या पुढं कानापर्यंत जाणारी कळ, ताप, छातीत धडधड, आणि सुरुवातीला टीएसएच वर जायच्या ऐवजी खाली. बहुतेकांचं काही महिन्यांत निवळतं, थोड्यांना गोळी राहते. तुमच्या पत्नीला तेव्हा गळा दुखला होता का, ते आधी त्यांना विचारा. दुखला असेल तर मी वर लिहिलेलं सोडा आणि डॉक्टरांना तारखांसकट सांगा.